जीपचा पुढचा आस कुणी मोडला

आमच्या गावात अजूनही एखाद्या सुनेनं घरातली गाडी बाहेर काढली, की पारावरचं एखादं म्हातारं हमखास म्हणतं, "दमानं गं बाई, न्हाईतर आस मोडशील, त्या मळ्यातल्या सुनेगत." ती मळ्यातली सून म्हणजे मी. मी सासू झाले, आजी झाले, डोक्यावर एक काळा केस उरला नाही, तरी गावाच्या लेखी मी आस मोडणारी सूनच आहे. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी आजवर बोलले नाही. पण आता हा राग मला बरोबर न्यायचा नाही.

आस म्हणजे चाकं ज्यावर फिरतात तो दांडा. बैलगाडीचा आस साधा असतो. जीपच्या पुढच्या चाकांचा तसा नसतो. तो चाकाला जोर देतो, आणि चाक वळतं तिथं त्यालाही वळावं लागतं. त्या वळणावर एका लोखंडी गोळ्याच्या पोटात पोलादी गोट्यांचा सांधा असतो आणि त्या सांध्याला घट्ट, काळं वंगण लागतं. ते नसेल तर गोट्या कोरड्या घासतात, अडकतात आणि आस मोडतो. हे मला तेव्हा माहीत होतं, कारण ह्यांनीच शिकवलं होतं. म्हणून तर चीड येते.

आमचं गाव कृष्णाकाठचं, सांगलीच्या अलीकडे. त्या वेळी आमचा भाग सातारा जिल्ह्यात मोडायचा. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. हे लढाईत फौजेच्या गाड्या चालवायला होते, पार इटलीपर्यंत जाऊन आले. लढाई संपल्यावर फौजेच्या जीपा लिलावात निघाल्या, तेव्हा ह्यांनीही एक आणली. हिरवी, बिनदाराची, टपाच्या जागी फाटकी ताडपत्री. गावातली पहिली मोटार. सासऱ्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, चाकाला पायानं हलकेच ढोसलं आणि म्हणाले, "चार पायांचं जनावरच हाय. श्याण तेवढं टाकत न्हाई." त्या दिवसापासून ती त्यांच्या लेखी गोठ्यातलीच झाली. रात्री ते बैलांवर हात फिरवून आले की तिच्या नाकाडावरही फिरवायचे.

मला गाडी चालवायला ह्यांनी शिकवली, ती हौसेनं. परदेशात गोऱ्या बायका दवाखान्याच्या गाड्या चालवतात हे त्यांनी पाहिलं होतं. ऊस तुटून गेलेल्या रिकाम्या रानात मला बसवायचे, क्लच म्हणजे काय, ब्रेक कधी दाबायचा, पुढच्या चाकांना जोर द्यायचा दांडा कधी टाकायचा, सगळं सांगायचे. चिखल, वाळू, ओढा असेल तरच तो दांडा टाकायचा, सडकेवर काढून घ्यायचा. मी पटकन शिकले. हे चारचौघांत सांगायचे, "आमची मंडळी मोटार हाकतीया." तेव्हा त्यांचा चेहरा फुलायचा, हे मी नाकारत नाही.

माझी ओढ मात्र निराळी होती. माझं माहेर जतकडचं. कोरडवाहू रान, खुरटी ज्वारी, पाण्याला मैलभर पायपीट. वडील लवकर गेले. मी एकुलती एक. आई एकटी, आणि तिची नजर अधू होत चाललेली. आमच्याकडे नागपंचमीला लेक माहेरी जाते, पण ती आपली आपण जात नाही. माहेराहून भाऊ किंवा चुलता न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. मला ना भाऊ ना चुलता. मुराळी नाही म्हणून लग्न झाल्यापासून एकाही पंचमीला मी आईकडे गेले नव्हते. शेजारणींचे भाऊ यायचे, झाडांना झोके चढायचे, आणि मी चुलीपुढे बसून दुसऱ्यांच्या लेकींसाठी दिंडं उकडायची. त्या वर्षी हे म्हणाले, "मुराळी कशाला पायजे? मोटार हाय. तूच चालवत न्हे, मी शेजारी बसतो. तुझ्या आईला कळू दे, लेक कशी आली ती." मी आईला निरोप धाडला. आयुष्यात कुठल्या गोष्टीची एवढी वाट मी पुन्हा पाहिली नसेन.

पंचमीच्या आधी येतो बेंदूर, बैलांचा सण. बेंदराच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, हळद आणि तूप लावून मळायचे आणि त्यांच्या कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. त्या दिवशी सकाळी ह्यांनी जीपच्या पुढच्या दोन्ही गोळ्यांची बुचं उघडली, आतलं जुनं वंगण काढलं, रॉकेलनं धुतलं आणि नवा डबा आणायला सांगलीला गेले. बुचं तशीच चाकापाशी एका थाळीत पडलेली. सांगलीत पलटणीतले दोस्त भेटले. दोस्त भेटल्यावर काय होतं ते सांगायला नको. हे परतले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती, आणि बुचं जागच्या जागी घट्ट बसवलेली होती.

मधल्या वेळात सासऱ्यांची खांदेमळणी झाली होती. बैलांचं आटोपल्यावर त्यांनी सासूबाईंकडून आणखी तूप मागून घेतलं. त्या कुरकुरल्या, "आता कुणाला? बैल दोनच हायती न्हवं?" सासरे म्हणाले, "तिसऱ्याला." जीपच्या नाकाडाला हळद लागलेली आम्ही पाहिली, हसलो आणि पुरण वाटायला परत आत आलो. त्यांनी आणखी काय केलं ते कुणी पाहिलं नाही. ह्यांनीही बुचं बसलेली पाहून एकदा वाकून बघायचे कष्ट घेतले नाहीत. आणलेला डबा फळीवर ठेवला आणि बैलांची शिंगं रंगवायला बसले.

पुढे काही दिवस जीप शेतात खत वाहत फिरली. तिच्या पुढच्या चाकांखाली अंगणात पिवळट डाग पडायचे आणि आमचं कुत्रं तिथं बसून जमीन चाटायचं. म्हणजे कुत्र्याला कळलं होतं. फौजेतून आलेल्या माणसाला कळलं नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. मी नवं लुगडं नेसले होते. मागं आईसाठी गुळाची ढेप, तांदूळ आणि एक घोंगडं. गावाबाहेरच्या ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. मी थांबले. हे शेजारी बसले होते, म्हणाले, "दांडा टाक, आन् दमानं घाल." मी दांडा टाकला. गाडी पाण्यात घातली, ती मधोमध आली, पलीकडच्या काठाला पुढची चाकं लागली, आणि उजव्या चाकातून खाडकन असा आवाज आला की माझ्या दातांत कळ गेली. मग नुसती घरघर. चाक वळेना, गाडी हलेना. मी पाण्यात उतरले, लुगडं कमरेपर्यंत भिजलं. ह्यांनी वाकून पाहिलं आणि एवढंच बोलले, "आस मोडला."

घरून बैल आणावे लागले. ज्यांचे खांदे मळले होते तेच बैल, आणि त्यांच्या मागं दोरानं बांधलेला तो तिसरा. गावात शिरायच्या आधी हे मला म्हणाले, "तू उतर, मी बसतो ष्टेरिंगवर." मला वाटलं, ओढताना गाडी सांभाळायला जोर लागतो म्हणून. मी गुमान चालत मागून आले. चावडीपुढे माणसं जमली. कुणीतरी विचारलं, "काय गड्या, काय झालं?" हे म्हणाले, "आस गेला. हिच्या हातात हुती." बस्स, एवढंच. खोटं म्हणाल तर त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. पण दांडा टाक असं सांगणारं तोंड कुणाचं होतं, ते त्या तोंडानं सांगितलं नाही. माणसं हसली. एकजण म्हणाला, "बाईमाणसाला लोखंड मानवत न्हाई गड्या." आणखी एकजण माझ्याकडे न बघता म्हणाला, "शिवू द्यायचं न्हाई कवा पण, हीच रीत हुती." तो विटाळाचं सुचवत होता, ते मला कळलं. मी ओल्या लुगड्यानं घरी आले आणि चुलीपुढे बसले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या लेकी झोके घेत होत्या, आणि माझी आई जतकडच्या सडकेवर मोटारीचा आवाज ऐकत बसली असणार, हे मला बसल्या जागी दिसत होतं. सासूबाईंनी जीपवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. ह्यांनी स्टेअरिंगला साखळी घालून कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली.

नवा आस आणायला हे पुण्याकडे गेले. खंडाळ्याकडचा त्यांचा पलटणीतला एक दोस्त फौजेच्या भंगाराचा धंदा करायचा, त्यानं एक जुना पण धड आस शोधून दिला. तो गोणपाटात गुंडाळून हे घरी घेऊन आले आणि काम अंगणातच, लिंबाखाली काढलं. सांगलीच्या कारखान्यात द्यायला त्यांना कमीपणा वाटत होता. पण हाताखाली माणूस पाहिजे. मग कोण? जिला लोखंड मानवत नाही तीच. पाना दे, हातोडा धर, जॅकखाली दगड सरकव, हे सगळं चालत होतं. फक्त स्टेअरिंगवर बसलेलं चालत नव्हतं.

चाक काढलं. मग त्याच्या मधली टोपी, तिच्या आतला मोठा नट, ब्रेकची थाळी, एकेक बोल्ट. मी ते ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं फडक्यावर मांडत होते. शेवटी गोळ्याच्या तोंडावरचा नळा ठोकून सैल केला आणि ह्यांनी मोडका आस बाहेर ओढला. सांध्याच्या गोट्यांपैकी एक फुटून तिचे तुकडे झाले होते, बाकीच्या निळ्या पडल्या होत्या. आणि त्या सगळ्यांवर पिवळं, करपलेलं, घट्ट काहीतरी चिकटलेलं. वंगण काळं असतं. हे पिवळं. मी बोटावर घेतलं. नाकाजवळ न्यायचीही गरज नव्हती. हळद आणि आमच्या म्हशीचं तूप. मीच ते लोणी कढवलं होतं.

माझ्या डोळ्यांपुढे सगळं आलं. उघडी बुचं, सासऱ्यांची वाटी, "तिसऱ्याला", चाटणारं कुत्रं. मी फळीकडे पाहिलं. वंगणाचा डबा तिथंच होता, झाकणावरची पट्टीसुद्धा निघालेली नव्हती.

हे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "आवं, ह्ये तूप हाय."

ते हळूच म्हणाले, "व्हय."

"म्हंजी माझ्या हातनं न्हाई मोडला."

त्यांनी चिंधी घेतली आणि ते पिवळं भराभरा पुसायला लागले. "गप ऱ्हा. बापानं केलंय. म्हातारपणी गावात त्याचं हसं करू का? वडील हायती."

"आन् माझं हसं झालं ते?"

"तुझं काय, लोक इसरत्यात."

त्यांनी चिंधी उकिरड्याकडे भिरकावली. मी पाणी आणायचं निमित्त करून गेले आणि ती उचलून कमरेला खोचली. का, ते तेव्हा मला धड सांगता आलं नसतं. वडिलांची अब्रू राखावी हे मलाही कळत होतं. सासऱ्यांचा मला राग आला नव्हता. त्या माणसानं जीव लावला तो त्याला येत होता तसा लावला. मी तोंड दाबून पुढचं काम केलं. दुसरा गोळाही उघडला. तिथलं तूप वितळून वाहून गेलं होतं, पण गोट्या शाबूत होत्या. रॉकेलनं धुतल्या. नवा आस आत घालताना त्याचे दाते जागेवर बसेनात. हे ढकलत होते आणि मी तिकडच्या बाजूचं चाक हातानं थोडं थोडं फिरवत होते, तेव्हा कुठं दाते एकमेकांत गेले. आता डबा फुटला. काळं वंगण बोटांनी दाबून भरलं, बुचं आवळली.

संध्याकाळी चाक चढलं तेव्हा चावडीवरची चारदोन माणसं बघायला आली. सासरे लिंबाखाली घोंगडं टाकून बसले होते. हे हात पुसत उभे राहिले, एकदम खुशीत. कुणीतरी विचारलं, "कशानं मोडला रं शेवटी?" मला वाटलं, हे म्हणतील, जुना होता, झिजला होता. असं काहीही म्हटलं असतं तरी बापाची अब्रू राहिली असती आणि माझीही. हे हसून म्हणाले, "बाईच्या हाताला अंदाज नसतो. जोर दिला, मोडला. आता न्हाई देणार हिच्या हातात."

तेव्हा मला समजलं. बापाची अब्रू राखायला एवढं सांगावं लागत नव्हतं. हे स्वतःची राखत होते. बुचं उघडी टाकून दोस्तांत रमले ते, डबा न फोडता फळीवर ठेवला तो, आणि बायको मोटार हाकते म्हणून माणसं पाठीमागं हसायला लागली होती ते. सगळं एका आसावर निभावून नेलं. बायको बरी सापडली.

मी पदर डोक्यावर घेतला आणि सासऱ्यांपुढे जाऊन कमरेची चिंधी त्यांच्या पुढ्यात ठेवली. चार माणसांदेखत सासऱ्यांशी बोलायची पद्धत नव्हती. मी बोलले. "मामंजी, वास घ्या."

त्यांनी चिंधी उचलली, वास घेतला, अंगठ्यानं चोळली. मग म्हणाले, "ह्ये आपलं तूप." आणि नंतर, "मीच घातलं. बिळं उघडी दिसली. म्हटलं, पोरगा इसरला असंल. खांदं त्येच तिचं, म्हणून गच्च भरलं आन् बुचं लावली." सासऱ्यांनी ह्यांच्याकडे मान वळवली. "तुला म्हायती हुतं?"

हे पायानं माती उकरत राहिले.

"आरं, मुक्या जनावराचं काय दुखतंय त्ये मला कळलं न्हाई, ह्यो माझा गुन्हा. माझ्या नावानं खपवायचा हुतास. तिच्या का खपवलास?"

माणसं एकेक करून उठून गेली. आणि गंमत बघा, त्यांच्यापैकी एकानंही गावात जाऊन हे सांगितलं नाही. बाईनं आस मोडला ही गोष्ट पायांत भिंगरी लावून फिरली. तुपानं मोडला ही गोष्ट आमच्या उंबऱ्याबाहेर पडली नाही. म्हाताऱ्याचा मान राखला म्हणे सगळ्यांनी. माझा मान कुणाच्या ध्यानातही आला नाही.

सकाळी सासरे पटका बांधून तयार होऊन जीपपाशी उभे. ह्यांना म्हणाले, "कुलूप काढ." मग मला, "चल पोरी. मुराळी न्हाई म्हणतीस न्हवं? मी हाय." आणि ह्यांना, "तू मागं बस. पोत्यांवर." ते आयुष्यात पहिल्यांदा जीपच्या पुढच्या बाकावर बसले, दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरून. ओढा आला. मी दांडा टाकला. पाणी उडालं, चाकं पलीकडच्या काठाला लागली आणि गाडी वर चढून आली. सासऱ्यांनी डोळे मिटले होते, ते उघडले.

सांगली, मिरज मागं पडली. पुढं हिरवं संपलं, दगड आणि बाभळी सुरू झाल्या. दुपार कलता कलता आईचं घर आलं. ती आवाजावरून बाहेर आली, चाचपडत माझ्यापर्यंत पोचली, माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला वाटलं, आता म्हणेल, पंचमी गेली की गं. ती म्हणाली, "बाई, तू मोटार मोडलीस म्हणं? सासरची मोठी वस्तू, तुझ्या हातनं कशी गं मोडली?"

माझ्याआधी ती गोष्ट तिथंवर पोचली होती. बाजाराला येणाऱ्या कुणीतरी पोचवली असणार. पंचमीभर माझी आई लेकीची वाट बघत बसली नव्हती. लेकीनं सासरचं नुकसान केलं म्हणून झुरत बसली होती.

सासरे गाडीतून उतरले. त्यांनी पटका काढून हातात घेतला, लेकीच्या आईपुढे कुठला व्याही असं करत नाही, आणि म्हणाले, "न्हाई इहीणबाई. तिच्या हातनं न्हाई. माझ्या हातनं मोडली."

मागं पोत्यांवर बसलेल्या माणसानं ते ऐकलं. तो गुळाची ढेप उचलून घरात गेला. त्यानंतर आम्ही चाळीस वर्षांवर संसार केला, तीन गाड्या बदलल्या, नातवंडं झाली. चारचौघांत मोटारीचा विषय निघाला की हे त्या आसाची गोष्ट रंगवून सांगायचे, आणि प्रत्येक वेळी तो माझ्याच हातनं मोडायचा.